बाराच्या खाली

फॅरंडच्या हॉटेलात मी बरीच वर्षं मासे तळले. आमचं गाव नदीकाठी, न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तर टोकाला. पलीकडच्या तीरावर कॅनडा. हिवाळ्यात नदी गोठली की गावात हलतं-चालतं असं तीनच ठिकाणी उरतं: तुरुंग, चर्च आणि फॅरंडचं हॉटेल. तुरुंगात माझा नवरा पहारेकरी होता, तो गेला. चर्चमध्ये पगार मिळत नाही. म्हणून मी फॅरंडकडे.

रस फॅरंडकडे पाहून कुणी त्याला वाईट म्हटलं नसतं. गुबगुबीत चेहरा, म्हातार्‍या गिर्‍हाइकांना दुसरी कॉफी फुकट, पाद्रीबाबांची खुर्ची राखून ठेवलेली. पण नोकरांच्या बाबतीत त्याची एक समजूत पक्की होती: माणूस अडलेलं असलं की टिकतं. त्यामुळे तो अडलेलीच माणसं घ्यायचा, आणि ती अडलेलीच राहतील हे बघायचा. माझ्या नवर्‍याच्या दफनाला मी तीन दिवस गेले, तर त्याने तीन दिवसांचा पगार कापला आणि वर फुलांची परडी पाठवली.

डॅनिका ट्रॉम्बली त्याच्याकडे शाळेत असल्यापासून वेट्रेस. चोविशीची, लांब हातांची, सहा ताटं एकदम उचलणारी. तिला नर्स व्हायचं होतं. घरी दम्याने बसलेला बाप, डोक्यावर भाडं आणि गाडीचे हप्ते. तरी पोरगी वीस मैलांवरच्या सरकारी कॉलेजात जायची ती अनुदानाच्या जोरावर. गरिबाच्या पोरांना राज्य थोडं देतं, केंद्र थोडं देतं, त्यात फी भागते आणि पुस्तकंही येतात. तिचे चार विषय होते, मिळून तेरा क्रेडिट. त्यातला शरीररचनेचा एकटा चार क्रेडिटचा, आणि त्याची प्रयोगशाळा शुक्रवारी दोन ते पाच.

तिने आदल्या नोव्हेंबरातच फॅरंडशी बोलून घेतलं होतं. नाताळ, नवं वर्ष, सगळे सण ती राबणार. बदल्यात जानेवारीपासून शुक्रवारी ती पाचनंतर येणार. फॅरंडने हात पुढे करून हस्तांदोलन केलं होतं. मी फ्रायरपाशी उभी होते, मी पाहिलं.

फेब्रुवारीत ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू व्हायच्या बेताला आला. त्या काळात कॅथलिक माणूस शुक्रवारी मांस खात नाही. मग अख्खं गाव, प्रोटेस्टंटांसकट, आमच्याकडे तळलेला हॅडॉक मासा खायला लोटतं. "हे सहा-सात शुक्रवार मला वर्षभर पोसतात," असं फॅरंडच म्हणायचा. त्याने डॅनिकाला गल्ल्यापाशी बोलावलं.

"शुक्रवारी मला तू तीनला हवीस."

"मिस्टर फॅरंड, आपलं ठरलंय. पाचनंतर."

"ते नाताळातलं झालं. आता उपास आलेत."

"माझी प्रयोगशाळा असते हो तेव्हा."

"मग तेवढा एक विषय सोड ना. बाकीचे आहेतच की."

डॅनिकाला वाटलं, माणसाला कळत नाहीये. कळलं की ऐकेल. म्हणून तिने सगळं नीट उलगडून सांगितलं. "तसं नसतं ते. तेरातून चार गेले की उरतात नऊ. बाराच्या खाली गेलं की मला पूर्ण वेळ विद्यार्थिनी धरत नाहीत. राज्याचं अनुदान मग बंदच, एक सेंटही नाही. केंद्राचंही चौथा हिस्सा कापतात. उरलेली फी माझ्या अंगावर. आणि शरीररचना झाल्याशिवाय नर्सिंगच्या रांगेत नावच लावत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं."

"एका विषयाने एवढं?"

"एका विषयाने एवढं."

"बाप रे," फॅरंड म्हणाला. गाल फुगवून त्याने मान हलवली. "मला कल्पनाच नव्हती, पोरी. बघू. उद्या सांगतो."

दुसर्‍या दिवशी पाळ्यांच्या फळ्यावर शुक्रवारी तीनपुढे डॅनिकाचं नाव होतं. ती विचारायला गेली तर म्हणाला, "जमत नसेल तर सांग. शनिवारपासून दुसरी बघतो."

आमच्या गावात भर हिवाळ्यात दुसरी नोकरी म्हणजे गोठलेल्या नदीत मासा. डॅनिका फळ्यापासून वळली आणि ताटं उचलायला गेली.

त्याच आठवड्यात मी कोल्ड रूममध्ये खोकी लावत होते. बाहेर मासेवाल्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि फॅरंड बोलत होते. ड्रायव्हरने विचारलं, ती उंच मुलगी अजून आहे का. फॅरंड म्हणाला, "आहे, आणि आता राहणार. नर्स झाली असती तर दोन वर्षांत हातची गेली असती. एक विषय सुटला की त्यांचं सगळंच सुटतं, तुला माहितीये? तिनेच मला समजावलं!" आणि खो-खो हसला.

मी पोटात ठेवणार्‍यातली नाही. रात्री हॉटेल बंद झाल्यावर डॅनिका गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती, तिथे जाऊन मी तिला शब्दन् शब्द सांगितला.

"'तिनेच समजावलं' असं म्हणाला?"

"हो. आणि हसला."

ती खरवडत राहिली. काच केव्हाच साफ झाली होती तरी खरवडत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

तिने विषय सोडला. कॉलेजने अनुदान नव्याने मोजलं आणि उरलेल्या फीचं बिल तिच्या हातात ठेवलं. ते भागवायला तिच्या बापाने उन्हाळ्यात मासेमारीला न्यायची होडी विकली, मोटरसकट. उपासाचे सगळे शुक्रवार डॅनिका तीनला हजर होती. गिर्‍हाइकांशी गोड, फॅरंडशी त्याहून गोड. मी एकदा म्हटलं, "कसं जमतं गं तुला?" तर म्हणाली, "त्याच्याकडे बघून हसताना मी त्याचं हॉटेल रिकामं बघते, बर्नी. मग आपोआप हसू येतं."

हे रिकामं हॉटेल ती खरोखर कसं घडवणार, ते मला उन्हाळ्यापासून हळूहळू कळत गेलं.

कॉलेजात अनुदानाच्या खिडकीवर मिसेस प्लॅट म्हणून बाई होत्या. डॅनिका त्यांच्याकडे आधी भांडायला जायची, मग विचारायला, मग शिकायला. एका रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बर्नी, सहा क्रेडिट घेतली तरी केंद्राचं निम्मं अनुदान मिळतं. बारा लागतात ती राज्याच्या पैशाला. तुझी तर निम्म्यातही फी भागेल."

"मी? पन्नाशी उलटलीये माझी."

"वय विचारत नाहीत. उत्पन्न विचारतात. आणि फॅरंडच्या कृपेने आपल्या सगळ्यांचं उत्पन्न अगदी हवं तेवढंच आहे."

मी हसले. पण ती विनोद करत नव्हती. शरद ऋतूभर ती एकेकाला गाठत राहिली. मोरीनला, जी माझ्याबरोबर स्वयंपाकात होती आणि जिची तीन पोरं मोठी झाली होती. भांडी धुणार्‍या कर्टिसला. आणि शेल्बीला. शेल्बी विशीतली, धाकटी वेट्रेस. शाळा मध्येच सुटलेली, मग घरी बसून परीक्षा दिलेली, आणि कडेवर दोन वर्षांची मुलगी. राज्याचं बंद झालेलं अनुदान जानेवारीपर्यंत परत मिळणार नव्हतं, म्हणून डॅनिकाने स्वतः फी भरून तेवढं सत्र एका विषयावर काढलं आणि जानेवारीसाठी आम्हा सगळ्यांची नावनोंदणी माझ्याच टेबलावर बसून करून दिली. मला इंग्रजी आणि हिशेब. मोरीनला बालसंगोपन. कर्टिसला वेल्डिंग.

वेळापत्रकं समोर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"डॅनिका, सगळ्यांनाच शुक्रवार दुपार?"

"शुक्रवार दुपारचे वर्ग कुणालाच नको असतात. तिथे जागाच जागा असते."

"सगळ्यांनाच?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला हसू फुटलं, असं की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तीन दिवसांचा कापलेला पगार आणि ती फुलांची परडी, दोन्ही मला त्या हसण्यात आठवली.

शेल्बी मात्र तेव्हा बोट लावून एकेक ओळ वाचत होती. "मला बारा? डॅनिका, मी एवढं कधी वाचलेलं नाही."

"बारा घेतलीस की दोन्ही अनुदानं पूर्ण मिळतात. राज्याचं आणि केंद्राचं. सोडतेस कशाला?"

"बारा जमतील मला?"

"मी आहे ना," डॅनिका म्हणाली.

राखेचा बुधवार झाला, म्हणजे उपास सुरू झाले. गुरुवारी रात्री हॉटेल बंद करताना आम्ही पाचही जण गल्ल्यासमोर जाऊन उभे राहिलो. डॅनिका बोलली.

"उद्या दुपारी आम्हाला वर्ग आहेत. दर शुक्रवारी. आम्ही शनिवारी सकाळी येऊ."

"कुणाला वर्ग?"

"आम्हाला."

फॅरंड हसला. "बर्नीलासुद्धा? काय शिकते आहेस गं, बर्नी?"

"हिशेब," मी म्हटलं. "मालकांचे कसे चुकतात तो धडा चालू आहे."

त्याचं हसू गेलं. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत तो शेवटी डॅनिकापाशी थांबला. "शनिवारपासून दुसरी माणसं बघतो मी!"

"बघा ना," ती म्हणाली. "कुणी मिळालं तर माझ्याकडे पाठवा. त्यांचाही अर्ज भरून देते."

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मी डॅनिकाच्या गाडीतून परतले. तिने गाडी हॉटेलसमोर, रस्त्याच्या पलीकडे लावली आणि दिवे मालवले. रांग दारातून बाहेर पार टपालकचेरीपर्यंत गेली होती, लोक थंडीत पाय आपटत होते. खिडकीतून फॅरंड दिसत होता: कोपरापर्यंत पीठ, कपाळाला पीठ, एका हातात चिमटा. त्याची बायको एकेक ताट दोन्ही हातांनी धरून, देव्हार्‍यात नैवेद्य नेल्यासारखी चालत होती. पाद्रीबाबा राखून ठेवलेल्या खुर्चीत नुसत्या कोबीच्या कोशिंबिरीपुढे बसले होते. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं की अग्निशामक दलाच्या हॉलमध्येही मासे तळतायत. रांग मधूनच तुटली आणि माणसं तिकडे चालू लागली.

डॅनिकाने डब्यातलं अंड्याचं सँडविच काढलं.

"चल ना, गारठले मी," मी म्हटलं.

"थांब. अजून जरा." ती सावकाश, घास-घास चावत खात होती. असं चवीने जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी फॅरंडने पुतण्याला आणि दोन शाळकरी पोरांना उभं केलं. पुतण्याने बाहेरून काळा आणि आतून कच्चा असा मासा गावच्या न्यायाधीशाला वाढला. तिसर्‍या शुक्रवारी हॉटेलपुढे गाड्या लावायला हवी तेवढी जागा होती. गावाची निष्ठा मालकावर नसते, गरम माशावर असते. आम्हाला काढून टाकायची त्याची छाती नव्हती, कारण बाकीचे सहा दिवस आम्हीच ते हॉटेल चालवत होतो.

मग एका मंगळवारी तो डॅनिकाच्या मागोमाग भांडी घासायच्या मोरीपर्यंत आला. टोपी हातात होती.

"पगार वाढवतो. तुझे शुक्रवार तुला. लिहून देतो हवं तर. फक्त बाकीच्यांना सांग."

"मला पगार नको."

"मग काय हवंय तुला?"

"शुक्रवारी तीनला तुम्ही हजर हवात, मिस्टर फॅरंड. एवढंच."

"अगं, एका विषयापायी?"

"एका विषयाने एवढं होतं," डॅनिका म्हणाली. "मी तुम्हाला समजावलं होतं."

तो टोपी डोक्यावर ठेवून बाहेर गेला, आणि कर्टिस साबणाच्या पाण्यात तोंड घालून हसायला लागला. ईस्टरनंतर फॅरंडने संध्याकाळचं हॉटेल बंदच केलं, फक्त नाश्ता ठेवला. उन्हाळ्यात एका जोडप्याला जागा विकून तो कॅरोलायनात लेकीकडे राहायला गेला. कुणाचा निरोप घेतला नाही. त्या आठवड्यात डॅनिका गुणगुणत ताटं उचलत होती.

मी इथेच थांबले असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण शेल्बीचं राहिलंय.

ईस्टरच्या आसपासची गोष्ट. डॅनिका आणि मी माझ्या टेबलावर बसून फॅरंडच्या पुतण्याच्या मासे तळण्याची नक्कल करत होतो. दार ढकलून शेल्बी आत आली. मुलगी कडेवर, दोघींची नाकं थंडीने लाल. मार्चमध्ये मुलीचा कान पिकला होता, शेल्बीच्या आईने आजारी पोर सांभाळायला नकार दिला, बीजगणित हाताबाहेर गेलं, आणि शेल्बीने एके दिवशी कॉलेजात जाणंच सोडलं. आम्हाला सांगितलंही नाही. आम्ही आपल्या शुक्रवारांत मश्गुल.

"कॉलेज पैसे परत मागतंय," ती म्हणाली. "अर्ध्या सत्राच्या थोडं पुढपर्यंत तरी टिकावं लागतं म्हणे. नाहीतर दिलेल्यातलं परत घेतात. ते फेडेपर्यंत मला पुन्हा नावही घालता येणार नाही."

"मी मिसेस प्लॅटशी बोलते," डॅनिका म्हणाली.

"मी बोलून आले. त्या म्हणाल्या, कडेवर मूल, नोकरी, शाळा सुटलेली. तुला बारा घ्यायला कुणी सांगितलं? सहा घेतली असतीस तर तरली असतीस." तिने मुलीला दुसर्‍या कडेवर घेतलं. "सहा घेतली असती तर माझे दोन्ही वर्ग सकाळचे होते. आई तेव्हा सांभाळते. शुक्रवार आला असता का मध्ये, डॅनिका?"

डॅनिका टेबलाकडे बघत होती.

"विचारतेय मी. आला असता?"

"नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मला वाटलं तू करशील. खरंच वाटलं."

"तुला शुक्रवारी हॉटेलात कुणी नको होतं. मी असले असते तर त्याला एक तरी वेट्रेस मिळाली असती." शेल्बीचा आवाज चढला नाही, ते मला जास्त लागलं. "फॅरंडने तुला तेरावरून नऊवर आणलं. तू मला बारावरून शून्यावर. त्याने निदान नोकराला लुबाडलं. मी तुझी मैत्रीण होते ना गं?"

मुलगी रडायला लागली. मी उठून तिला बिस्किट दिलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. शुक्रवारचा डाव ओळखून खुर्ची धरून हसणारी मीच होते, आणि शेल्बीची बारा माझ्याच टेबलावर ठरली होती.

"मी भरते ते पैसे," डॅनिका म्हणाली.

"भर," शेल्बी म्हणाली. "तेच सांगायला आले होते."

आणि डॅनिकाने भरले. त्या सत्रात तिची पुन्हा पूर्ण बारा झाली होती, शरीररचनाही झाली. पुढे नर्सिंगला नाव लागलं, दोन वर्षांत ती जिल्ह्याच्या रुग्णालयात लागली. शिकत असतानाही दर महिन्याला शेल्बीच्या नावावर थोडं-थोडं भरत होती, लागल्यावर जास्त. शेल्बी नव्या मालकांकडे नाश्त्याच्या पाळीला होती. समोर आली तरी डॅनिकाशी बोलायची नाही.

एकदा मी डॅनिकाला विचारलं, "पुन्हा तसं करशील?"

"फॅरंडचं म्हणशील तर उद्या सकाळी करीन. आणि या वेळी त्याच्या बायकोलासुद्धा कॉलेजात घालीन."

"आणि शेल्बीचं?"

ती उठली आणि स्वच्छ असलेला कप पुन्हा धुवायला लागली.

मी अजून कॉलेजात आहे. एका वेळी एक-दोन विषय, गोगलगाईसारखी. मिसेस प्लॅट म्हणतात, साठीत पदवी मिळेल. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी जिन्यात समोरून शेल्बी आली. खांद्याला पिशवी, हातात जाडजूड पुस्तक, केस बांधलेले.

"अगं, तू?"

"फेडून झालं सगळं. नाव घालता आलं. दोन विषय घेतलेत, दोन्ही सकाळचे." ती हसली, तिचं हसू मी विसरले होते. "गणितात पहिल्या चाचणीत वर्गात तिसरी आले, बर्नी."

"देवा रे! डॅनिकाला सांगते आजच. तिच्या जिवाला किती..."

"नाही सांगायचं."

"का गं?"

"ती तुला विचारते ना माझ्याबद्दल?"

"येते तेव्हा विचारते."

"विचारू दे. मी कॉलेजचं पुन्हा तोंड पाहिलं नाही, असंच वाटू दे तिला."

"शेल्बी, तिने पै-पै फेडली गं."

"पैच फेडली," शेल्बी म्हणाली. पुस्तक छातीशी धरून ती वर गेली, दोन-दोन पायर्‍या एकदम चढत.

त्या रविवारी डॅनिका आली, पाळीवरून थेट, रुग्णालयाचे कपडे अंगावर. मी पॅनकेक करत होते. दोन खाऊन झाल्यावर तिने नेहमीसारखं, काट्याने ताटलीतलं सिरप ओढत विचारलं, "शेल्बी दिसते का गं कुठे?"

"दिसते कधीतरी," मी म्हटलं. "बाजारात."

"बरी आहे?"

"आहे तशीच आहे," मी म्हटलं, आणि तिसरा पॅनकेक तिच्या ताटलीत वाढला.